सुटका झाली, पुढं काय?

(बेलापूर, नवी मुंबई इथं भट्टीमजुरांच्या बैठकीत केलेलं भाषण. वाडीवर वाचून दाखवता यावं म्हणून पूर्ण देत आहोत.)



आज आपण कोकण भवनाच्या जवळ बसलोय. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जिल्ह्यांचे आयुक्त इथं बसतात. या शहराला नवी मुंबई म्हणतात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि तेव्हापासून इथं बांधकाम थांबलेलं नाही. इमारतीला वीट लागते. ती वीट पनवेल, कल्याण, भिवंडीच्या बाजूच्या भट्ट्यांवर पडते, आणि ती पाडणारे हात कातकऱ्यांचे, ठाकरांचे, वारल्यांचे असतात. म्हणून मजुरांची ही गोष्ट याच शहरात बोलली पाहिजे असं मला वाटतं.

मला विषय दिलाय मानवी तस्करीचा. हा शब्द आपल्या वाडीवर कुणी वापरत नाही. तस्करी म्हटलं की सोनं, दारू, चंदन डोळ्यापुढं येतं. नाहीतर मुंबईला नेऊन विकलेली पोरगी. ते तर आहेच. पण आपल्याकडं माणसाचा व्यापार दुसऱ्या नावानं चालतो. त्याचं नाव उचल.

पावसाळ्यात घरात दाणा नसतो. गणपती-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मुकादम येतो. लग्न, आजारपण, मयत, कशालाही पैसे देतो. कागद नाही, सही नाही. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि जोडपं पोराबाळांसकट भट्टीवर जातं. कोळसाभट्टीवाले तर रायगडातून पार कर्नाटकापर्यंत नेतात. तिथं भाषा कळत नाही, परतायला भाडं नाही. एकदा उचल घेतली की दुसरीकडं कामाला जायचं नाही, मधी घरी यायचं नाही, हिशेब मागायचा नाही. आता मला सांगा, पैसे देऊन माणूस बांधून ठेवणं याला व्यापार नाही तर काय म्हणायचं?

जुन्या ठाणे जिल्ह्यात याला लग्नगडी म्हणायचे. लग्नासाठी सावकाराकडनं पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याचे गडी. उंबरगाव, डहाणूच्या वारल्यांनी १९४५ साली हे मोडलं. किसान सभा, गोदावरीताई आणि शामराव परुळेकर त्यांच्या बरोबर होते. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा १९७६ साली आला, म्हंजे एकतीस वर्षांनी. आधी माणसं उठली, मग कायदा आला. हा क्रम ध्यानात ठेवा.

आता मुद्द्याचं. माणसाच्या व्यापाराविरुद्ध लढायच्या दोन वाटा सांगतात. एक पोलिसाची वाट. गुन्हा नोंदवा, धाड टाका, आरोपी पकडा, कोर्टात उभा करा, शिक्षा द्या. दुसरी हक्काची वाट. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी बघा. त्याची मजुरी, त्याचं कर्ज, त्याचं घर, त्याची पोरं, त्याची जमीन. जगभरात यावर बोलणं झालंय. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी तस्करीविरुद्ध करार केला. भारतानं तो २०११ साली मान्य केला. तो करार जास्त करून पहिल्या वाटेचा आहे. म्हणून २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क आयुक्तांनी वेगळी तत्त्वं मांडली, की ज्याची तस्करी झाली त्याचे हक्क सगळ्याच्या मध्यभागी पाहिजेत.

ही दूरची गोष्ट वाटेल. पण भट्टीवर धाड पडली की काय होतं ते बघा, मग जवळची वाटेल.

पोलीस येतात, तहसीलदार येतात. फोटो निघतात. बारा-पंधरा माणसं गाडीत बसतात आणि वाडीवर आणून सोडतात. पेपरात येतं, इतक्या मजुरांची सुटका. मुकादमावर केस होते. शेठ जामिनावर सुटतो. आणि ती माणसं? भांडीकुंडी भट्टीवरच राहिली. सहा महिन्यांची मजुरी बुडाली. पोरांची नावं शाळेतून गेली. केसची तारीख पडते तेव्हा जायला भाडं नसतं. पुढच्या पावसाळ्यात घरात पुन्हा दाणा नाही. मग तोच मुकादम, नाहीतर त्याचा भाऊ, पुन्हा दारात. पोलिसाच्या कागदावर ती केस निकालात निघाली. आपल्या वाडीवर काहीच निघालं नाही.

पोलिसाच्या वाटेवर आपला माणूस कोण असतो? साक्षीदार. त्याच्याकडनं जबाब पाहिजे, अंगठा पाहिजे. त्याचं काम झालं की त्याला विसरतात. आणि कधी कधी तर उलटंच. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची गोष्ट सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली. कातकऱ्यांची लहान पोरं थोड्या पैशांवर आणि एका मेंढीवर नगरकडच्या मेंढपाळांकडं राबायला दिलेली. त्यातली एक पोरगी मेली, तेव्हा बाकीच्यांची चौकशी सुरू झाली. गुन्हे नोंदले, ते बरोबरच झालं. पण तेव्हा किती लोक बोलले, आईबापांनी पोरं विकली म्हणून. आईबापाच्या हातात जमिनीचा तुकडा नाही, कार्डावर नाव नाही, वर्षाचं काम नाही, हे कुणी विचारलं? एका मेंढीच्या बदल्यात पोर द्यायची वेळ का आली, हा प्रश्न पोलीस ठाण्यात विचारत नाहीत. तो आपल्यालाच विचारायला लागतो.

त्याच्या आधी, २०२१ साली, मोखाड्याला एका कातकरी भावानं पोराच्या कफनासाठी ५०० रुपये घेतले होते. त्या ५०० रुपयांपायी तो राबत राहिला आणि शेवटी त्यानं गळफास घेतला. केस झाली ती तो मेल्यावर.

आता कुणी म्हणेल, मग पोलिसाची वाट नकोच. असं मी म्हणत नाही. शेठला शिक्षा झाली नाही तर दुसऱ्या शेठला भीती कशाची? भट्टीवर मारहाण होते, बायांच्या अंगावर हात टाकतात, पोराला ओलीस ठेवतात. हे गुन्हे आहेत आणि गुन्ह्याला शिक्षा पाहिजेच. माझं म्हणणं एवढंच, की सुटका म्हणजे गाडीत बसवून घरी सोडणं नव्हे. आणि हे माझ्या मनचं नाही, सुप्रीम कोर्टाचं आहे. मी बारावी शिकलेली, वकील नाही. पण हे निकाल आपल्याच माणसांसाठी झालेत, म्हणून समजून घेतले.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती. तिथल्या मजुरांच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी काम करत असेल तर ती सक्तीची मजुरी आहे. सक्ती काय फक्त काठीची असते? भुकेची पण असते. आपल्या राज्यघटनेचं कलम २३ माणसाचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही बंद करतं, एकाच ओळीत. म्हणून मी दोन्ही एकच मानते.

पुढं बंधुआ मुक्ती मोर्चाची केस झाली, फरिदाबादच्या दगडखाणींची. निकाल १९८३ च्या डिसेंबरचा. त्यात कोर्ट म्हणालं, मजुराकडनं सक्तीनं काम करून घेतलंय असं दिसलं की ते उचलीपायीच आहे असं धरून चालायचं. तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. तहसीलदार आपल्याला विचारतात ना, "उचल घेतल्याचा पुरावा काय?" त्यांना हे सांगायचं. १९७६ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये पण तेच आहे. मजूर म्हणाला हे बंधाचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सावकारानं दाखवायचं.

आणि १९८४ च्या निकालात, मध्य प्रदेशातल्या मजुरांबाबत, कोर्टानं सांगितलं की नुसतं सोडवून चालणार नाही. नीट वसवलं नाही तर तो उपाशी माणूस पुन्हा त्याच बंधात जाईल. हे निकाल चाळीस वर्षांचे झाले. गाडी अजून वाडीपर्यंतच येते.

आता हिशेब बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, आपापल्या भट्टीचे आकडे घालून बघा. समजा एका जोडप्यानं ३०,००० रुपये उचल घेतली. आठवड्याला ८०० रुपये खर्ची मिळाली, २६ आठवडे. म्हंजे २०,८०० रुपये. एकूण घेतले ५०,८००. त्यांनी दिवसाला ८०० विटा पाडल्या, १५० दिवस. एक लाख वीस हजार विटा झाल्या. हजारी ७०० रुपये धरली तर ८४,००० रुपये झाले. शेठकडनं ३३,२०० रुपये यायला पाहिजेत. पण शेठ काय म्हणतो? पावसानं भिजल्या, फुटल्या, मोजल्या तेव्हा साठ हजारच भरल्या. साठ हजाराचे झाले ४२,०००. म्हंजे तुमच्याकडंच ८,८०० रुपये बाकी. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत जातात. बांधायला दोरी लागत नाही, शेठची वही पुरते. आणि त्या वहीला उत्तर म्हणून आपल्याकडं पण वही पाहिजे.

दुसरी गोष्ट या बैठकीतल्या बायांसाठी. तस्करी थांबवायची म्हणून आपल्या पोरींना स्टेशनवर उतरवतात, घरकामाला वाशी-नेरुळला निघालेल्यांना पण. कामासाठी गाव सोडून जाणं हा गुन्हा नाही. फसवून, धमकावून, उचलीत बांधून नेणं हा गुन्हा आहे. या दोन्हीत गल्लत झाली की संरक्षणाच्या नावाखाली बाईचं पायातलं बळच काढून घेतात. सोडवलेल्या सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येत नाही. मुंबई हायकोर्टानं २०२० साली अशा तीन बायांना सोडायला सांगितलं. सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलं, की अशी गृहं तपासा आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायांना सोडा. आणि लहान पोरांना बालगृहात ठेवलं म्हंजे ती सुरक्षित झाली असंही धरून चालू नका. इथून जवळच कळंबोलीच्या बालगृहात मतिमंद मुलींवर अत्याचार झाले. ते २०११ साली उघडकीला आले आणि २०१३ साली संस्थेच्या चालकालाच कोर्टानं दोषी ठरवलं. म्हणून पोर कुठं ठेवलंय, कोण भेटायला जातंय, यावर वाडीचं लक्ष पाहिजे.

आता कुणी विचारेल, हे सगळं जमिनीच्या चळवळीत कशाला? आपण वनहक्काचं बोलू. ऐका. वनहक्क कायद्याच्या नियमात २०१२ साली दुरुस्ती झाली. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दिवाळी ते पावसाळा अर्धी वाडी भट्टीवर असेल तर कोरम भरणार कसा? मोजणीला माणूस येतो तेव्हा प्लॉटवर कुणी नाही. दावा नाकारला तर अपिलाची मुदत भट्टीवरच संपते. उचल आपला माणूसच नाही, आपली ग्रामसभा पण उचलून नेते. आणि जमीन मिळाली नाही म्हणून पुन्हा उचल. हे चाक दोन्हीकडनं फिरतं, म्हणून दोन्हीकडनं धरायला पाहिजे.

रायगडवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. पालघर, ठाणे, नाशिकच्या अनुसूचित गावांत पेसाखाली ग्रामसभेला सावकारीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार आहे. तिथल्या भावांनी तो वापरावा. उचल ही सावकारीच आहे. आपण रायगडवाल्यांनी वनहक्क कायदा वापरायचा, तो सगळीकडं लागू आहे.

मुकादमाचं पण बोललं पाहिजे. तो बहुतेक वेळा आपलाच असतो. कुणाचा भाचा, कुणाचा मेव्हणा. पोलिसाला सापडतो पण तोच, शेठचं नाव कागदावर येतच नाही. माझं मत असं. भाचा आहे म्हणून त्याला पोटात घालू नका. पण सगळा गुन्हा त्याच्या माथी मारून शेठला सुटू पण देऊ नका. त्याला ग्रामसभेत बोलवा. पैसे कुणाचे, भट्टी कुणाची, कमिशन किती, हे सगळ्यांसमोर सांगू दे. शेठचं नाव सांगायला तयार असेल तर तो आपला साक्षीदार. नाही म्हणाला तर तो शेठचा माणूस, मग कायदा दोघांना लागू दे.

आता करायचं काय, ते सांगते. मोठी माणसं वाचत नसतील तर शाळेतल्या पोरांनी वाचून दाखवा.

पहिलं. दिवाळीआधी प्रत्येक वाडीनं एक वही घालायची. कोण जाणार, बरोबर पोरं किती, मुकादम कोण, त्याचा फोन, भट्टी कुठं, शेठ कोण, उचल किती, हजारी किती. भट्टीवर गेल्यावर रोजच्या विटा लिहायच्या. लिहिता येत नसेल तर शंभराला एक रेघ. आठवड्याला फोटो काढून वाडीवर पाठवायचा.

दुसरं. अडकलं तर फक्त पोलीस ठाण्यात जायचं नाही. वेठबिगारीच्या कायद्यात माणूस सोडवायचं काम कलेक्टर आणि प्रांतांचं आहे. त्यांना लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. जबाब देताना शेठ, मुकादम समोर नको, असं स्पष्ट म्हणायचं.

तिसरं. मुक्तता प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. सगळं त्या कागदावर आहे. कायद्यानं उचलीचं कर्ज तिथंच संपतं, ते कुणी मागू शकत नाही. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे, त्याला शिक्षा होईपर्यंत थांबायला लागत नाही. पुढची मोठी रक्कम पुरुषाला एक लाख, बाया आणि पोरांना दोन लाख, फारच वाईट छळ असेल तर तीन लाख. पण ती कोर्टातल्या शिक्षेला बांधलेली आहे. इथं मला वाईट वाटतं. पोलिसानं तपास नीट केला नाही, सरकारी वकील आला नाही, याची शिक्षा मजुराला का? हक्क मजुराचा आहे, तो आरोपीच्या निकालावर टांगून ठेवू नका, ही आपली मागणी पाहिजे.

चौथं. गुन्हा नोंदवताना कलमं बघायची. १९७६ चा वेठबिगारी कायदा. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंतच, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ मानवी तस्करीचं आहे. आधी ते ३७० होतं, १ जुलै २०२४ पासून १४३ झालं. तो स्वतःच्या मर्जीनं गेला, असं शेठ म्हणतो. या कलमात मजुराच्या मर्जीला अर्थ नाही, असं लिहिलंय. शेठ आदिवासी-दलित नसेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(एच) वेठबिगारीसाठीच आहे. त्यातल्या मदतीचा काही हिस्सा गुन्हा नोंदल्यावरच मिळतो. भट्टी कर्नाटकात असली तरी आपल्या ठाण्यात झिरो एफआयआर घेता येतो. हद्द नाही म्हणून परत पाठवलं तर ऐकायचं नाही.

पाचवं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. आदिवासींना आणि वेठबिगारीत, तस्करीत सापडलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. फोन १५१००. पोरांसाठी १०९८. पोलिसांसाठी ११२.

सहावं. जिल्ह्यात आणि प्रांताच्या पातळीवर वेठबिगारीची दक्षता समिती पाहिजे असं कायदा म्हणतो. त्यात त्याच भागातले अनुसूचित जाती-जमातीचे तीन जण असतात. ते तीन जण कोण? समितीची शेवटची बैठक कधी झाली? माहितीच्या अधिकारात विचारा. प्रत्येक तालुक्यातनं एक अर्ज, दहा रुपयाचं तिकीट लावून. उत्तर आलं की इथं पाठवा, आपण छापू.

शेवटचं. वसई भागात विवेकभाऊ पंडितांनी आणि श्रमजीवी संघटनेनं १९८२ पासून वेठबिगार सोडवायचं काम केलं. नंतर भट्टीवरच्या पोरांसाठी विधायक संसदेनं भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हंजे कच्च्या विटांचा आपला खोपा. जिथं पोरं आहेत तिथं शाळा नेली. संघटना वेगवेगळ्या असतील, पण यातनं एक शिकण्यासारखं आहे. माणूस सोडवणं आणि माणूस उभा करणं ही दोन कामं एकाच हातानं करायला लागतात.

म्हणून पुढच्या वेळी सुटका झाली अशी बातमी आली तर टाळी वाजवायच्या आधी पाच प्रश्न विचारा. मजुरी मिळाली का? प्रमाणपत्र मिळालं का? तातडीची मदत आली का? पोरं शाळेत बसली का? आणि वनहक्काच्या दाव्यावर त्यांचं नाव आहे का? पाचही उत्तरं हो असली तरच सुटका झाली म्हणा. दिवाळी जवळ आहे. वह्या आजच घेऊन जा, मागच्या टेबलावर ठेवल्यात.

जोहार. जिंदाबाद.